वाचकांचे प्रश्न : पाठ सूर्याकडे, डोळे कवडशाकडे

सोमवार, २ ऑगस्ट २०२७ रोजी होणाऱ्या सूर्यग्रहणाविषयी वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही केले होते. त्या दिवशी आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस आहे. हे ग्रहण दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिका आणि सौदी अरेबियाच्या एका पट्ट्यातून खग्रास दिसेल. महाराष्ट्र आणि गोव्यातून मात्र ते खंडग्रास, म्हणजे सूर्याला एका बाजूने घास पडल्यासारखे, सूर्य पश्चिमेकडे कललेला असताना दिसेल. आलेल्या पत्रांतील सारखे प्रश्न एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एकशे ऐंशी मुले आहेत आणि ग्रामपंचायतीने ग्रहणाचे फक्त वीस चष्मे देऊ केले आहेत. मुलांना आळीपाळीने चष्मे द्यावेत की कार्यक्रमच रद्द करावा? – एक शिक्षिका, जि. रत्नागिरी

कार्यक्रम रद्द करू नका. वीस चष्म्यांसाठी एकशे ऐंशी मुलांची रांग लावण्याचेही कारण नाही, कारण रांगेत नववा असलेला मुलगा आपली पाळी येईपर्यंत वर न पाहता थांबेल यावर माझा विश्वास नाही. एवढ्या मुलांसाठी उत्तम साधन म्हणजे रुपयादोन रुपयांचा आरशाचा तुकडा.

हाताच्या पंजाएवढा सपाट आरसा घ्या. त्यावर जाड काळा कागद चिकटवा आणि कागदाच्या मध्यभागी एक सेंटिमीटर बाजूची चौकोनी खिडकी कापा. हा आरसा वाळू भरलेल्या रबरी चेंडूला चिकटवला आणि चेंडू एखाद्या वाटीत किंवा चुंबळीवर ठेवला, म्हणजे तो हवा तसा फिरवता येतो आणि सोडला की तिथेच राहतो. ग्रहण पश्चिमेच्या उन्हात होणार असल्याने आरसा अंगणात किंवा व्हरांड्यात ठेवावा आणि वर्गाचे दार उघडे ठेवून उजेडाचा झोत आतील पांढऱ्या भिंतीवर पाडावा. खिडक्या पोत्यांनी किंवा सतरंज्यांनी झाकून वर्ग शक्य तितका काळोखा करावा.

आरसा आणि भिंत यांच्यात पाच-सहा पावले अंतर असेल, तर भिंतीवर केवळ पांढरा ठिपका पडेल आणि मुलांची निराशा होईल. हे अंतर पंधरा मीटरच्या आसपास हवे. सूर्याच्या प्रतिमेचा व्यास अंतराच्या साधारण एकशेआठाव्या भागाइतका असतो. त्यामुळे पंधरा मीटरवर सुमारे चौदा सेंटिमीटर रुंद, म्हणजे लहानशा भाकरीएवढा सूर्य मिळतो आणि त्याला पडलेला घास शेवटच्या बाकावरूनही दिसतो. गंमत म्हणजे खिडकी चौकोनी असूनही कवडसा गोल पडतो. असे का होते, हा प्रश्न मुलांना आधीच घालून ठेवा आणि उत्तर सांगण्याची घाई करू नका. ग्रहण लागल्यावर तोच कवडसा एका बाजूने चावल्यासारखा होतो, तेव्हा निम्म्या वर्गाला उत्तर आपोआप सुचते.

दोन सूचना मात्र काटेकोरपणे पाळाव्यात. भिंतीवरचा कवडसा दर दोन मिनिटांना जवळजवळ स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, म्हणून आरशाजवळ एका मोठ्या माणसाने सतत बसावे. आणि आरसा व भिंत यांच्या दरम्यान कोणीही उभे राहून आरशाकडे पाहू नये, कारण त्या छोट्या खिडकीतून येणारा प्रकाश हा सूर्यच आहे. तेवढी वाट दोरी बांधून बंद करावी. ही सगळी मांडणी ग्रहणाच्या दिवशी पहिल्यांदा करू नका. पावसाळ्यापूर्वीच्या एखाद्या कोरड्या सायंकाळी करून पाहा आणि आरसा कुठे ठेवायचा त्या जागी खडूने खूण करून ठेवा.

आमच्याकडे परातीत शेणाचे किंवा हळदीचे पाणी घेऊन त्यात ग्रहण पाहण्याची पद्धत आहे. सासूबाई म्हणतात, आजवर कोणाला काही झाले नाही. मुलगा म्हणतो, गुडघ्याच्या एक्स-रे फिल्ममधून बघू. यांपैकी काय चालेल? – एक गृहिणी, सातारा

दोन्ही चालणार नाही. सासूबाईंची पद्धत जुनी आणि आदरणीय घरातील आहे, म्हणून ती का चालत नाही हे जरा विस्ताराने सांगतो.

शेण किंवा हळद घातल्याने पाणी गढूळ होते, त्याचा तळ दिसेनासा होतो आणि त्यामुळे प्रतिबिंब अधिक ठसठशीत दिसते. परंतु प्रतिबिंब पडते ते पाण्याच्या पृष्ठभागावरून. पृष्ठभागाला आत शेण आहे की हळद आहे याचा पत्ताच नसतो. सूर्य डोक्यावर असताना स्वच्छ पाणी असो वा गढूळ, अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी साधारण दोन टक्के प्रकाश ते परत पाठवते. सूर्य कलला की हे प्रमाण वाढते. क्षितिजापासून तीस अंश उंचीवर तो असेल, तर ते सहा टक्क्यांच्या घरात जाते आणि या वेळचे ग्रहण नेमके कलत्या उन्हातलेच आहे. आता ग्रहणाच्या प्रमाणित चष्म्याकडे पाहा. त्यातून दृश्य प्रकाशाचा जास्तीत जास्त ०.००३२ टक्के एवढाच भाग पलीकडे जाऊ शकतो. म्हणजे परातीतला सूर्य हा चष्म्यातल्या सूर्यापेक्षा सहाशे ते अठराशे पट प्रखर असतो. आजवर कोणाला काही झाले नाही याचे कारण इतकेच, की परातीत बहुतेक जण क्षणभर डोकावतात, डोळे दिपतात आणि बाजूला होतात. नातवंडांना मात्र एकटक पाहण्याची हौस असते.

एक्स-रे फिल्म, छायाचित्राची जुनी निगेटिव्ह, काजळी धरलेली काच, सीडी, एकावर एक चढवलेले दोन-तीन काळे गॉगल या सर्वांचा दोष एकच आहे. त्यांतून सूर्य सुसह्य दिसतो, पण सुसह्य आणि सुरक्षित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोळ्याला झगमगाट जाणवतो तो दृश्य प्रकाशाचा. अवरक्त किरण त्याला दिसतच नाहीत आणि हे घरगुती पदार्थ ते किती अडवतात याची कोणी खात्री दिलेली नसते. शिवाय गुडघ्याच्या फिल्ममध्ये हाडाची जागा पांढुरकी आणि बाकीची काळी असते. मुलगा कोणत्या भागातून पाहील हे आपण कसे ठरवणार?

परात ठेवायचीच असेल, तर तिच्याऐवजी मोदकपात्रातील छिद्रांची चाळण घ्या. सूर्याकडे पाठ करून ती खांद्यावर धरा आणि चार-पाच फुटांवर पांढरी चादर अंथरा. प्रत्येक छिद्रामागे एकेक कोरलेला सूर्य उमटेल. सासूबाईंना हा प्रकार परातीपेक्षा अधिक आवडेल, असा माझा अंदाज आहे.

२६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणाच्या वेळी घेतलेले कागदी चष्मे कपाटात आहेत. ते आता वापरता येतील का? नवे घेतल्यास खरे-खोटे कसे ओळखावे? – एक वाचक, ठाणे

चष्मा मुळात प्रमाणित असेल, त्यावर चरे, सुरकुत्या किंवा टाचणीएवढेही छिद्र नसेल आणि पडदा कागदी चौकटीपासून सुटला नसेल, तर केवळ वर्षे उलटली म्हणून तो निकामी होत नाही. मात्र तो वह्यापुस्तकांखाली दुमडून पडला असेल, तर माया न करता टाकून द्यावा.

नव्या चष्म्यावर ‘आयएसओ १२३१२-२’ असा मानकाचा उल्लेख आणि उत्पादकाचे नाव असावे. पण नुसत्या छापील अक्षरांवर विसंबू नये, हे मी अनुभवाने सांगतो. २०१९ साली आमच्या मंडळासाठी मी एका ठेल्यावरून पन्नास चष्मे घेतले होते. त्यांवर मानकाचा आकडा सुबक छापलेला होता. घरी येऊन एक डोळ्याला लावला, तर स्वयंपाकघरातील ट्यूबलाइट, तिच्याखालचा कप्पा आणि कप्प्यावरचे डबेही दिसू लागले! ते पन्नासही चष्मे त्याच रात्री कापून टाकले, कारण नुसते फेकले असते तर कोणीतरी ते उचलून पुन्हा वापरले असते.

खऱ्या चष्म्यातून घरातील काहीही दिसता कामा नये. मोबाइलची टॉर्च अगदी जवळ धरली, तर फार तर एक मंद ठिणगी दिसेल. उन्हात सूर्याकडे पाहिले असता सूर्याचे बिंब डोळ्याला सुखावह दिसावे आणि त्याच्याभोवती पूर्ण काळोख असावा. ही घरची चाचणी खोटा चष्मा पकडते, परंतु खऱ्याची पूर्ण हमी देत नाही. म्हणून खरेदी ओळखीच्या खगोलमंडळाकडून किंवा विज्ञान केंद्राकडून करणे चांगले.

चष्मा लावण्याचीही रीत आहे. खाली पाहत तो लावावा, मग मान वर करावी. पाहून झाल्यावर आधी मान खाली घ्यावी आणि नंतर चष्मा काढावा. नंबरचा चष्मा असल्यास ग्रहणाचा चष्मा त्याच्यावरून धरावा.

माझे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. वेल्डिंगची काच चालते असे ऐकले. कोणतीही चालेल का? – एक वाचक, इचलकरंजी

कोणतीही चालणार नाही. रोजच्या कामात वापरली जाणारी १० नंबरची काच प्रमाणाच्या चौपटीहून अधिक प्रकाश आत सोडते. १२ नंबरची काच मर्यादेत बसते, पण डोळ्याला सुखद वाटेल अशी १४ नंबरची असते. काचेवर नंबर कोरलेला नसेल, तर ती वापरू नये. ठिणगी उडताच आपोआप काळे होणारे हेल्मेट तर अजिबात नको, कारण ते वेल्डिंगच्या झगमगाटावर काळे होण्यासाठी बनवलेले असते. सूर्याकडे पाहताना ते काळे होईलच याचा भरवसा नाही.

मी रियाधमध्ये नोकरी करतो. येथेही बराचसा सूर्य झाकला जाणार आहे. मग खग्रास पाहण्यासाठी नऊशेहून अधिक किलोमीटर गाडी चालवून जेद्दाहला जाण्यात अर्थ आहे का? आणि चष्मा नेमका कधी काढावा? – एक वाचक, सौदी अरेबिया

अवश्य जा, रजेचा अर्ज आजच द्या. सूर्याचा प्रकाश पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चार लाख पट असतो. नव्याण्णव टक्के सूर्य झाकला गेला, तरी उरलेला एक टक्का चार हजार पूर्णचंद्रांइतका असतो. तेवढ्या उजेडात सूर्याचा प्रभामंडल, म्हणजे त्याच्याभोवतीचे फिकट तेजोवलय, दिसत नाही आणि तेवढा उजेड डोळ्याला इजा करण्यास पुरेसा असतो. खंडग्रास ग्रहण, मग ते कितीही मोठे असो, पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत चष्म्यातूनच पाहावे लागते.

या ग्रहणात खग्रास अवस्था इजिप्तमधील लक्सरजवळ सर्वाधिक, म्हणजे ६ मिनिटे २३ सेकंद टिकणार आहे. जेद्दाहलाही ती पाच मिनिटांहून अधिक असेल. चष्मा काढण्याची खूण अशी : चष्म्यातून पाहताना प्रकाशाची कोर बारीक होत जाते, तुटून मणी होतात आणि शेवटचा मणीही विझतो. चष्म्यातून काहीच दिसेनासे झाले, की तो काढावा. त्यापुढील मिनिटे उघड्या डोळ्यांनीच पाहायची असतात. तेव्हा चष्मा लावून बसणारे लोकही मी ऐकून आहे, त्यांना काळोखाखेरीज काही दिसले नाही. खग्रास संपण्याच्या अर्धे मिनिट आधी वाजेल असा गजर लावून ठेवा आणि प्रकाशाचा पहिला ठिपका चमकताच नजर खाली वळवा.

ऑगस्टमधील तेथील उन्हाविषयी आपल्याला मी काय सांगावे! पाणी, टोपी आणि सावलीची सोय यांच्यापुढे कॅमेऱ्याला दुय्यम स्थान द्या.

मोबाइलने किंवा दुर्बिणीने ग्रहण पाहिले तर थेट पाहिल्यासारखे होत नाही ना? – एक महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे

मोबाइलच्या पडद्यावर पाहणे हे सूर्याकडे पाहणे नव्हे, हे खरे. पण पडद्यात सूर्य सापडेना, की माणूस मोबाइलच्या कडेवरून हळूच वर पाहतो आणि तिथे घात होतो. मोबाइलच्या भिंगापुढे ग्रहणाच्या चष्म्याचा पडदा धरावा, म्हणजे चित्रही चांगले येते.

द्विनेत्री (बायनॉक्युलर) किंवा दुर्बिणीची गोष्ट निराळी आहे. त्यांचे मोठे भिंग प्रकाश गोळा करून एका बिंदूवर आणते. लहानपणी आपण भिंगाने कागद जाळत असू, तेच येथे डोळ्याच्या आत होते. ग्रहणाचा चष्मा लावून द्विनेत्रीतून पाहिले, तर तो एकवटलेला प्रकाश चष्म्याचा पडदा क्षणात भेदू शकतो. दुर्बिणीसाठी बनवलेला सौर फिल्टर नेहमी पुढच्या टोकाला, सूर्याच्या बाजूला आणि वाऱ्याने उडणार नाही असा घट्ट बसवावा. डोळ्याकडच्या भिंगात फिरकीने बसणारे छोटे काळे फिल्टर काही जुन्या दुर्बिणींबरोबर येत असत. ते उष्णतेने तडकतात, म्हणून आढळल्यास नष्ट करावेत. मुख्य नळीवरील शोधक दुर्बीणही झाकून ठेवावी, तिचा बहुतेकांना विसर पडतो.

मागच्या ग्रहणात माझ्या बारा वर्षांच्या मुलाने चष्म्याशिवाय थोडा वेळ पाहिले होते. त्याचे डोळे दुखले नाहीत. म्हणजे काही झाले नाही असे समजावे का? – एक पालक, नाशिक

डोळे न दुखणे हा पुरावा नाही. दृष्टिपटलाला, म्हणजे डोळ्याच्या आतील पडद्याला, वेदना जाणवतच नाही. इजा होत असताना तेथून कोणतीही सूचना येत नाही आणि लक्षणे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी उमटतात. वाचताना नेमक्या पाहिलेल्या अक्षरावर डाग येणे, सरळ रेघ वाकडी दिसणे, रंग फिके वाटणे ही ती लक्षणे होत. पुष्कळ जणांची दृष्टी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारते, पण काहींच्या नजरेतील डाग कायमचा राहतो आणि त्यावर खात्रीचा उपचार नाही. मुलाचा एक-एक डोळा झाकून त्याला चौकटीच्या वहीचे पान पाहायला सांगा. रेघा कुठे मोडलेल्या किंवा पुसट दिसल्या, तर नेत्रतज्ज्ञाकडे न्या. काही जाणवले नाही, तरी एकदा दृष्टिपटल तपासून घेण्यात तोटा नाही.

एक गैरसमज येथेच दूर करतो. ग्रहणात सूर्यातून काही वेगळे विषारी किरण निघत नाहीत. तोच सूर्य असतो. रोज आपण त्याच्याकडे पाहत नाही, कारण पाहवत नाही. ग्रहणात उजेड मंदावतो, डोळा मिटण्याची सहज प्रेरणा कमी होते, बाहुली मोठी होते आणि शिल्लक राहिलेल्या कोरीचा प्रत्येक बिंदू मात्र पूर्वीइतकाच प्रखर असतो.

मी गरोदर आहे. घरचे म्हणतात वेध पाळायचे, सुरी-विळी हातात धरायची नाही, बाहेर पडायचे नाही. काय करू? – एक वाचक, लातूर

ग्रहणामुळे गर्भाला कोणताही अपाय होत नाही. भाजी चिरल्याने बाळाचा ओठ फाटतो ही समजूत निराधार आहे. उलट गरोदरपणी तासन्‌तास उपाशी आणि तहानलेले राहणे अयोग्य आहे, म्हणून वेळच्या वेळी जेवा आणि पाणी प्या. शिजवलेल्या अन्नावर तुळशीचे पान ठेवायचे असेल तर ठेवू द्यावे, त्यावरून घरात वाद घालण्याची गरज नाही. पाहण्याची इच्छा असेल, तर इतरांना लागू असलेली काळजीच आपल्यालाही लागू आहे, त्याहून अधिक काही नाही.

विजयदुर्ग किल्ल्यावरून ग्रहण पाहताना हेलियमचा शोध लागला असे आम्ही ऐकत आलो. त्या लोकांनी सूर्याकडे पाहिले कसे? – एक वाचक, देवगड

आपल्या तालुक्याचा अभिमान दुखावण्याचा हेतू नाही, पण दोन ग्रहणांची येथे सरमिसळ झाली आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथून निरीक्षणे केली. इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट मिळवला आणि त्यातील पिवळ्या रेषेवरून पुढे नव्या मूलद्रव्याची कल्पना मांडली गेली. लॉकियर विजयदुर्गावर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आणि तोवर, १८९५ मध्ये, हेलियम पृथ्वीवरही सापडला होता. याच ग्रहणाची निरीक्षणे पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी जेऊर येथून केली. या मंडळींचा भर डोळ्यांवर नव्हता. लोलकातून प्रकाश पसरवून त्याचा वर्णपट ते छायाचित्राच्या काचेवर उतरवत. म्हणजे तेही एक प्रकारे कवडसाच पाहत होते.

१६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणात आम्हाला घरात कोंडून घातले होते, रस्ते ओस पडले होते. आता माझे वय अठ्ठ्याहत्तर आहे, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. आता तरी पाहता येईल का? पाऊस असला तर? – एक वाचक, मुंबई

पाहता येईल. डोळ्यांत बसवलेली भिंगे अतिनील किरण काही प्रमाणात अडवतात, पण सूर्याकडे पाहण्यासाठी ती संरक्षण नव्हेत. म्हणून प्रमाणित चष्मा हवाच आणि आपल्या नेत्रतज्ज्ञांना एकदा विचारून घ्यावे.

पावसाबद्दल मी खोटी आशा दाखवणार नाही. २२ जुलै २००९ रोजी खग्रास ग्रहण पाहायला सुरतेला गेलेल्यांनी मुख्यत्वे ढगच पाहिले. ऑगस्टमधील मुंबईची स्थिती फारशी वेगळी नसते. घाटाच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या भागात, सोलापूर किंवा अहिल्यानगरकडे कोणी नातेवाईक असतील, तर चार दिवस आधी त्यांच्याकडे मुक्कामाला जाणे शहाणपणाचे ठरेल. एक धोका लक्षात ठेवा. विरळ ढगाआडून सूर्याचे बिंब मऊ, चंद्रासारखे दिसते आणि चष्मा काढून पाहण्याचा मोह होतो. ढग सरकायला क्षणही लागत नाही, त्यामुळे चष्मा लावलेलाच असू द्या.

आणि मान फार वेळ वर धरवत नसेल, तर खुर्ची सूर्याकडे पाठ करून मांडा. नातवाला मागे झारा धरून उभे करा आणि समोरच्या भिंतीवर पांढरा कागद लावा. १९८० मध्ये चुकलेली कोर एकाच वेळी वीस-पंचवीस ठिकाणी दिसेल.